मांसधातूचे विकार आणि स्टॅटिन औषधे

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन वर्गातील औषधे आज आपल्याकडे येणाऱ्या पन्नाशीपुढील अनेक रुग्णांच्या पिशवीत आढळतात. महाराष्ट्र शासनाच्या १९९२ च्या अधिसूचनेनंतर आपल्यापैकी काहीजण ती स्वतःही लिहून देतात. हृद्रोग व पक्षाघात टाळण्यातील त्यांची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे, त्याविषयी येथे वाद नाही. प्रश्न आहे तो ज्यांचा मांसधातू, किंवा मांसाला चालना देणारी मज्जातंतू-स्नायूंची जोडणी, मुळातच व्याधिग्रस्त आहे अशा रुग्णांचा. असे रुग्ण आपल्याकडे येतात ते ‘वाताचे दुखणे’ म्हणून, आणि म्हणूनच हा विषय आपला आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील वातव्याधीच्या अध्यायात मांस-मेदोगत वाताचे वर्णन केले आहे. अंग जड होते, दांडक्याने व मुठींनी बदडल्याप्रमाणे दुखते, अतिशय थकवा येतो. स्टॅटिनमुळे स्नायू दुखणारा रुग्ण जवळजवळ हेच शब्द वापरतो. त्यामुळे अभ्यंग, स्वेदन आणि महायोगराज गुग्गुळ ही योजना आपोआप सुचते. परंतु निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले अंग असेल तर निदान गोळ्यांच्या पाकिटातही शोधले पाहिजे.

जपानमधील अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून या वर्गातील पहिले द्रव्य वेगळे केले आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन हे पहिले औषध अमेरिकेत विक्रीस आले. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या मार्गावरील एक विकर (एन्झाइम) ही औषधे रोखतात. त्याच मार्गाने स्नायूंच्या ऊर्जानिर्मितीस लागणारे को-एन्झाइम क्यू-१० हेही तयार होत असते. निरोगी स्नायू हा अडथळा बहुधा सहज सोसतो. ज्याची राखीव शक्ती आधीच क्षीण आहे तो सोसेलच असे नाही.

येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. प्रत्येक अंगदुखीचा दोष स्टॅटिनला देणे चूक ठरेल. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या. म्हणजे बहुसंख्य दुखण्यांचे कारण अन्यत्र असते. पण हे आकडे सर्वसाधारण रुग्णांचे आहेत. मॅकआर्डल व्याधी, मायटोकाँड्रियाजन्य स्नायुविकार, मेदाम्लांच्या ज्वलनातील जन्मजात दोष अशा अवस्थांत जोखीम निराळी असते, आणि कित्येकदा स्टॅटिन सुरू केल्यावरच असा दडलेला विकार प्रथम उघडकीस येतो. थायरॉइडची न्यूनता हे तर अगदी सामान्य कारण आहे, म्हणून टीएसएच पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मायस्थेनिया ग्रॅव्हिसविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. पापण्या ओघळणे, एकाची दोन दिसणे, जेवताना चावून चावून जबडा थकणे, सकाळी बरे आणि संध्याकाळी वाईट, अशी ही अवस्था आहे. स्टॅटिनने ती बळावल्याच्या किंवा नव्याने उद्भवल्याच्या नोंदी जमा झाल्याने युरोपीय औषध नियामक संस्थेच्या सुरक्षा समितीने जानेवारी २०२३ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालण्याची शिफारस केली. प्रकार विरळा आहे, तथापि गिळणे व श्वसन बिघडू शकते, म्हणून तो विसरून चालणार नाही. कागल परिसरातील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे मान व खांदे गळून जातात म्हणून आले होते. संध्याकाळी वाचताना अक्षरे दुहेरी दिसतात, हे त्यांनी विचारल्यावरच सांगितले. तेथे तैलाची योजना न करता आम्ही त्यांना त्याच दिवशी मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठविले.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. काही थोड्या रुग्णांत स्टॅटिननंतर त्याच विकराविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि औषध बंद केले तरी स्नायूंचा नाश चालूच राहतो. मांड्या व खांद्यांची शक्ती जाते, जिना चढवत नाही, सीपीके हजारांच्या घरात जाते. यास रोगप्रतिकार दाबणारी चिकित्सा लागते. गोळी थांबवून काही आठवडे झाले तरी दुर्बलता वाढतच असेल, तर त्यास वातव्याधी म्हणून सांभाळीत बसू नये.

सीपीकेचा अर्थ लावतानाही तारतम्य हवे. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या रुग्णात ती स्टॅटिनशिवायही वाढलेलीच असते. औषधापूर्वीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्यावरून काही ठरविता येत नाही. एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताचीच द्रव्ये समजून आपण कुटकी-भूम्यामलकी सुरू करतो, पण ती स्नायूंतूनही रक्तात उतरतात. बिलिरुबिन व जीजीटी प्राकृत असून ही दोन वाढलेली असतील तर सीपीके पाहावी.

आता गुग्गुळाकडे वळू. सुश्रुतसंहितेतील स्थौल्याच्या विवेचनावरून प्रेरणा घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये वाराणसीस केलेले गुग्गुळावरील संशोधन आपल्या अभिमानाचा विषय आहे. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळसत्त्वाने एलडीएल घटले नाही, उलट किंचित वाढले, आणि काहींना त्वचेवर पुरळ उठले, हेही सांगितले पाहिजे. २००४ मध्ये गुग्गुळसत्त्व घेणाऱ्या एका रुग्णात स्नायुनाश झाल्याची नोंद इटलीतून प्रसिद्ध झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९४ मध्येच दाखविले होते की गुग्गुळसत्त्वासोबत दिल्यास प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते. तात्पर्य इतकेच की स्टेंट बसविलेल्या रुग्णाचे स्टॅटिन आपल्या अखत्यारीत बंद करून त्याजागी गुग्गुळ देणे समर्थनीय नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड यीस्ट राइसमधील मोनॅकोलिन-के हे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. स्टॅटिन न सोसणाऱ्यास ते देणे म्हणजे तेच औषध दुसऱ्या नावाने देणे होय.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ म्हणून रुग्ण जी कॅप्सूल मागतो तीत ॲस्पिरिनबरोबर ॲटोर्व्हास्टॅटिन वा रोसुव्हास्टॅटिन पुष्कळदा असते, आणि रुग्णास ते ठाऊक नसते. अशा रुग्णाच्या हातात क्लॅरिथ्रोमायसिनची किंवा गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलची चिठ्ठी आली तर डॉक्टरांस दूरध्वनी करावा. सिमव्हास्टॅटिनबरोबर ही दोन्ही वर्ज्य आहेत व ॲटोर्व्हास्टॅटिनचीही मात्रा त्यांनी वाढल्यासारखी होते. सेरिव्हास्टॅटिन ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले, तेथेही जेमफायब्रोझिलशी झालेला संयोग हे मोठे कारण होते. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच मात्रा देत राहण्याची आपल्याकडील पद्धतही सुटली पाहिजे.

लघवीचा रंग काळपट चहासारखा झाला असेल तर उशीर करू नये. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे, कारण विदीर्ण स्नायूंतील द्रव्य वृक्कांस इजा करते. अन्य रुग्णांबाबत हृद्रोगतज्ज्ञांशी बोलूनच स्टॅटिन थांबवावे अथवा बदलावे. एझेटिमाइब, बेम्पेडोइक आम्ल व पीसीएसके-९ रोधक इंजेक्शने हे पर्याय आता उपलब्ध आहेत. सोबतच्या चिठ्ठीत औषधाचे नाव व मात्रा, ते केव्हा सुरू झाले, दुखणे केव्हा सुरू झाले, आपण दिलेली गुग्गुळकल्पांसह सर्व औषधे, आणि घराण्यात कोणास स्नायूंचा विकार आहे काय, इतके लिहून द्यावे.