घशातला गोळा

"ताई, तुम्ही सारखा आवंढा का गिळताय?" बचत गटाच्या बैठकीत आमच्या एका मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मी गडबडले. हिशोबाची वही मिटत म्हटलं, "काही नाही हो, जरा घसा धरलाय." या 'जरा धरलेल्या' घशाला तेव्हा पाचवा महिना चालू होता.

दिवाळीनंतर हे सुरू झालं. घशात लिंबाएवढा गोळा अडकल्यासारखं वाटायचं. गिळला तर खाली जायचा नाही, खाकरलं तर वर यायचा नाही. दुखत मात्र नव्हतं. गंमत म्हणजे जेवताना त्याचा पत्ताच नसायचा. भाकरी, भाजी सगळं सरळ उतरायचं. भांडी आवरून जरा टेकलं, की स्वारी पुन्हा हजर! मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, ज्येष्ठमध चघळून झालं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. यांना सांगितलं तर म्हणाले, "तू फार विचार करतेस."

विचार तर करतच होते. माझी आत्या घशाच्या कॅन्सरने गेली. जन्मभर मिसरी लावायची. शेवटी शेवटी तिला पेजही उतरत नव्हती. रात्री दिवा मालवला, की तिचाच चेहरा समोर यायचा. दुसऱ्या बायकांना "दुखणं अंगावर काढू नका" म्हणून सांगत फिरणारी मी, स्वतः मात्र आरशासमोर आ करून टॉर्च मारत बसायचे. आधी मुलाची बारावी, मग गटाचा मार्चअखेरचा हिशोब... सबबींना काय तोटा?

बैठक संपल्यावर मावशी मागे रेंगाळल्या. हळूच म्हणाल्या, "मलाबी अडकतंय हो, म्हणून विचारलं." मग दोघींनीच ठरवलं आणि त्याच आठवड्यात तासगावहून मिरजेची एसटी धरली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी नीट विचारून घेतलं. जेवताना अडकतं की एरवी? वजन उतरलं का? आवाज बसलाय का? तंबाखू, मिसरी? मग मान चाचपली, थायरॉईड पाहिलं आणि नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा तपासला. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या पाच मिनिटांसाठी मी पाच महिने जीव टांगणीला लावला होता!

"गाठ नाही. पण तुम्हाला वाटतं ते खोटंही नाही," बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणीच आलं. या त्रासाला 'ग्लोबस' म्हणतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंची कडी असते, ती आवळून राहिली की असं वाटू शकतं. पित्त वर येणं, मनावरचा ताण यांनी ते वाढतं. कोरडा आवंढा गिळून आणि खाकरून तर आणखीच! पूर्वी या दुखण्याच्या नावातच 'हिस्टेरिया' होता, म्हणजे बाईचं काहीतरी खूळ. बहुतेक पेशंटांचा स्वभाव तसा नसतोच, असं सांगून माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये ते नाव बदलायला सुचवलं. आपल्या घराघरांत मात्र "मनाचे खेळ आहेत" हे अजून चालूच आहे.

मला पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं, खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्यायचं. एवढंच.

मावशींचं मात्र वेगळं निघालं. त्यांना गोळा वाटत नव्हता, घासच अडकत होता. वर्षभर त्या भाकरी आमटीत कुस्करून खात होत्या, आणि आम्ही समजायचो दात गेले म्हणून! ओठांचे कोपरे चिरलेले, जीभ गुळगुळीत, नखं चमच्यासारखी खोलगट. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन अवघं सात. एण्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या तोंडाशी पातळ पडदा दिसला. शरीरातलं लोह फार कमी झालं, की काही जणींना असं होतं. असा पडदा असलेल्यांना पुढे कॅन्सरचा धोका जास्त असतो, म्हणून पुन्हापुन्हा तपासणी करावी लागते. दुर्बिणीतूनच ती वाट रुंद केली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, मिसरी बंद!

मैत्रिणींनो, फरक एवढ्यासाठी सांगतेय, की घास अडकत असेल, वजन उतरत असेल, आवाज तीन आठवडे बसलेला असेल, मानेला गाठ लागत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा घशाची एकच बाजू, त्याच बाजूचा कान दुखत असेल, तर गुळण्या करत बसू नका. आणि यातलं काहीच नसलं, नुसता गोळा वाटतोय आणि जात नाही, तरी एकदा दाखवून या.

माझा गोळा अजून अधूनमधून येतो, विशेषतः पाहुणे यायचे असले की! पाणी पिते, कामाला लागते. मावशी आता गटाच्या चहाबरोबर अख्खी खारी खातात. मिसरीची डबी त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली आहे. परवा मागायला आल्या होत्या. मी दिली नाही.