मोकळी जागा किती?

गेल्या सत्रात मी जात्यावरच्या ओव्यांतील शब्द मोजण्यासाठी ‘सी’ भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ओव्या आजीने सांगितलेल्या. मी त्या दुपारभर रोमन अक्षरांत टंकत होतो. दीड हजारावर शब्द झाले आणि प्रोग्रॅम बंद पडला. सारी यादी गेली. मेमरी संपली होती. मग प्रश्न पडला, ती किती शिल्लक आहे हे आधी विचारता आले नसते का?

मूळ ‘सी’ भाषेत असा प्रश्न विचारणारे फंक्शनच नाही. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅबमध्ये घडवलेल्या या भाषेत ‘मॅलॉक’ने जागा मागायची, न मिळाल्यास ‘नल’ हे उत्तर येते. ते मी तपासलेच नव्हते.

मी वापरलेल्या जुन्या टर्बो सी मध्ये मात्र ‘कोअरलेफ्ट’ नावाचे फंक्शन आहे. ते चालवून पाहिले तर संगणकात ८ जीबी मेमरी असूनही उत्तर ६४ केबीच्या आतले! कारण त्याच्या ‘स्मॉल’ पद्धतीत प्रोग्रॅमची सारी माहिती ६५,५३६ बाइटांच्या एकाच कप्प्यात राहते. एका शब्दाला ४० बाइट धरले, तर १,६०० शब्दांतच तो भरत येतो.

लिनक्सवर ‘मेमइन्फो’ या फाईलमध्ये दोन आकडे दिसतात. ‘मेमफ्री’ म्हणजे अगदी रिकामी मेमरी. ‘मेमअव्हेलेबल’ म्हणजे गरज पडल्यास मिळू शकणारी, असा अंदाज. हा दुसरा आकडा २०१४ पासून मिळू लागला. एस.टी.त रिकाम्या बाकावर लोक पिशव्या ठेवतात. प्रवासी आला की उचलतात. तसेच लिनक्स रिकाम्या मेमरीत वाचलेल्या फाइली ठेवते आणि मागणी येताच बरीचशी जागा सोडते.

पण हा आकडाही त्या क्षणापुरताच खरा. पुढच्याच क्षणी दुसरा प्रोग्रॅम ती जागा घेईल. शिवाय लिनक्सवर ‘मॅलॉक’चे होकारार्थी उत्तर म्हणजे नुसते तिकीट. प्रत्यक्ष जागा मिळते ती तिथे काही लिहू लागल्यावर. तिकिटे बाकांपेक्षा जास्त झाली आणि सारेच बसू लागले, तर एखादा प्रोग्रॅम बंद केला जातो.

म्हणून शिल्लक विचारत बसण्यापेक्षा लागेल तेवढेच मागावे, दर वेळी उत्तर तपासावे आणि झालेले काम फाईलमध्ये उतरवत जावे. मी आता प्रत्येक ओवीनंतर यादी जतन करतो. आजीची वही शाबूत होती, म्हणून पुन्हा सुरुवात तरी करता आली.