पाणी : किती आणि कसे प्यावे?

संस्कृतात पाण्याला ‘जीवन’ असेच नाव आहे. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यावे, हा सल्लाही योग्यच आहे. परंतु थोड्या अवधीत कित्येक लिटर पाणी पिणे प्रकृतीस अपायकारक, प्रसंगी प्राणघातकही ठरू शकते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

निरोगी माणसाच्या रक्तात दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते. मूत्रपिंडे तासाला सुमारे एक लिटरपर्यंतच जादा पाणी बाहेर टाकू शकतात. कठोर श्रमाच्या वेळी त्याहूनही कमी. त्यापेक्षा वेगाने पाणी प्याल्यास रक्तातील सोडियम विरळ होते आणि पाणी पेशींत शिरून त्या फुगतात. कवटीत बंदिस्त असलेल्या मेंदूवर त्यामुळे दाब येतो. डोकेदुखी, मळमळ, उलट्या, भ्रम आणि शेवटी झटके व बेशुद्धी असा हा क्रम असतो.

अमेरिकेतील बोस्टन शहरात २००२ साली झालेल्या मॅरेथॉन शर्यतीनंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तात सोडियम कमी आढळले. घामावाटे गेले त्याहून अधिक पेय घेतल्यामुळे शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, त्यांना हा धोका विशेष होता.

ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच भासतात आणि भोवतालची माणसे रुग्णास आणखी पाणी पाजतात. उन्हाने असो वा पाण्याने, भ्रम झालेल्या किंवा झटके येणाऱ्या रुग्णाच्या तोंडात पाणी न घालता त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. त्यांची मूत्रपिंडे पूर्ण विकसित झालेली नसतात. पहिले सहा महिने मातेच्या दुधातूनच बाळाला पुरेसे पाणी मिळते; भर उन्हाळ्यातही वेगळे पाणी पाजू नये.

म्हणून पाणी कमी प्यावे, असा याचा अर्थ नव्हे. उन्हात राबणाऱ्यांनी एका दमात तांब्यावर तांब्या रिता न करता थोडे थोडे पाणी वारंवार प्यावे. घामाबरोबर मीठही जाते. तेव्हा जेवण टाळू नये, मीठ घातलेले ताक वा लिंबाचे सरबत घ्यावे. हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. पाणी हवेच; पण ते शरीराच्या गरजेइतके, पैजेपोटी नव्हे.