स्लॅकवेअर : आपला हात जगन्नाथ

न्यूझीलंडात इंटरनेट प्रथम कुठे आलं, ठाऊक आहे? ऑकलंडला नव्हे, वेलिंग्टनलाही नव्हे. ते आलं आपल्या हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठात, एप्रिल १९८९ मध्ये, हवाईमार्गे. वेग सेकंदाला ९६०० बिट!

पुढे जुलै १९९३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक व्होल्करडिंग या विद्यार्थ्याने 'स्लॅकवेअर' नावाचं लिनक्स काढलं. २४ फ्लॉप्यांचा ऐवज. १९८९च्या त्या लाइनवरून तो उतरवायला आठेक तास लागले असते. हे स्लॅकवेअर अजून जिवंत आहे. त्याची १५.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२२ची. ते फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही चालतं.

आज याची आठवण काढायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरी धडधाकट कॉम्प्युटर गॅरेजमध्ये गेले. त्यांतला एखादा वाचवता येईल.

स्लॅकवेअरमधलं पॅकेज म्हणजे गावाहून आलेली बॅग समजा. आत फाइली, शिवाय 'उघडल्यावर एवढं करा' अशी चिठ्ठी. 'इन्स्टॉलपीकेजी' ही आज्ञा बॅग उघडून सामान जागच्या जागी लावते आणि काय कुठे ठेवलं त्याची यादी साध्या अक्षरांत लिहून ठेवते. ती कुणालाही वाचता येते. 'रिमूव्हपीकेजी' तीच यादी वाचून सामान काढते; दुसऱ्या पॅकेजच्या यादीतही असलेल्या फाइलला मात्र हात लावत नाही. 'अपग्रेडपीकेजी' आधी नवं बसवते, मग जुन्यातलं उरलंसुरलं काढते.

खरी गोम पुढेच. डेबियनसारख्या लिनक्समध्ये एक प्रोग्रॅम मागितला की त्याला लागणारं बाकीचं आपोआप येतं. स्लॅकवेअरची मूळ हत्यारं तसं करत नाहीत. भाजी आणली, पण फोडणीचं सामान घरात आहे का, ते तुम्ही बघायचं! एखादा प्रोग्रॅम उघडलाच नाही, तर 'एलडीडी' ही आज्ञा कुठली लायब्ररी सापडत नाही ते दाखवते. म्हणून पहिल्याच वेळी सगळं बसवून टाकणं शहाणपणाचं. डिस्कवर जागा जाते, डोकेदुखी वाचते. सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी 'स्लॅकपीकेजी' आहे. ते २००८च्या १२.२ आवृत्तीपासून सोबतच येतं. पण तेही फोडणीचं बघत नाही.

हे सगळ्यांना मानवेल असं नाही. घाईच्या माणसाने दुसरं, सोपं लिनक्स घ्यावं. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना मशीनच्या पोटात काय चालतं ते समजायला हवं असेल, तर याच्यासारखा मास्तर नाही. इथे काहीही तुमच्या पाठीमागे घडत नाही. जे बसतं ते तुम्ही बसवलेलं असतं.

तेव्हा मंडळी, जुनं मशीन बाहेर काढा. आधी सगळे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, कारण नवं बसवताना जुनं पुसलं जाऊ शकतं. शेजारी एक वही ठेवा आणि काय बसवलं, कशासाठी, ते लिहीत जा. यादी कॉम्प्युटर ठेवतो. 'कशासाठी' मात्र तुम्हालाच ठाऊक असतं.