जुना प्रोजेक्टर निवडतांना

जुन्या वस्तूंची हौस असणाऱ्या गृहस्थांस चित्रपट दाखविण्याचें जुनें यंत्र दिसलें, कीं मोह आवरत नाहीं. परंतु यंत्राची झिलई पाहून तें घेऊं नये. कुलूप पाहून किल्ली घ्यावी, तशी आपणांजवळ फिल्म कोणती आहे, हें आधीं पाहावें.

फिल्मची रुंदी ही पहिली कसोटी. पाथे कंपनीनें १९२२ सालीं घरगुती उपयोगासाठीं ९.५ मिलिमीटरची फिल्म काढली. तिचीं छिद्रें मधोमध असतात. कोडॅकची १६ मिलिमीटरची १९२३ सालीं व ८ मिलिमीटरची १९३२ सालीं निघाली. एकीचें यंत्र दुसरीस चालत नाहीं. १९५० पूर्वींची ३५ मिलिमीटरची फिल्म बहुधा नायट्रेटची असते. ती पेटली असतां पाण्यानेंहि विझत नाहीं. म्हणून ती घरीं लावूंच नये.

१६ मिलिमीटरमध्यें आणखी एक भेद आहे. मूक फिल्मच्या दोन्ही कडांस छिद्रें असतात. बोलक्या फिल्मच्या एकाच कडेस, कारण दुसऱ्या कडेवर ध्वनीची पट्टी असते. दुहेरी दांत्यांच्या मूक यंत्रांत बोलकी फिल्म घातली, तर ते दांते ध्वनीच्या पट्टीसच भोकें पाडतात.

शेवटीं, यंत्राचा दिवा अद्यापि मिळतो काय, याची चौकशी करावी. मग टाकाऊ फिल्मचा तुकडा चालवून तो भिंगानें तपासावा. ओरखडे उमटले, तर तें यंत्र शोभेसाठींच ठेवावें. यंत्र दुसरें मिळेल. आजोबांच्या लग्नाची फिल्म एकच असते.