औषध निरीक्षकाची झडती आणि रुग्णाचा केसपेपर

औषध निरीक्षक दारात आले की आपल्यापैकी काही वैद्य सर्व कपाटे मुकाट्याने उघडून देतात, तर काही औषधालयचालक हुज्जत घालतात. दोन्ही मार्ग अहितकारक आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २२ मधील अधिकार कलम ३३-एच अन्वये आयुर्वेदीय औषधांच्या निरीक्षकांनाही लाभतात. औषधांची निर्मिती, विक्री वा साठा होत असलेल्या जागेची तपासणी करण्यास व नमुने घेण्यास वॉरंट लागत नाही. अडथळा आणल्यास कैद होऊ शकते. परंतु झडतीसाठी गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असावे लागते, आणि वेळही वाजवी असावी लागते. कागदपत्रे जप्त करण्यासही, त्यांतून गुन्ह्याचा पुरावा मिळेल असे मानण्यास कारण हवे.

या अटींना संविधानाचे बळ उशिरा लाभले. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झडतीविरुद्ध खाजगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला नव्हता. पुढे आंध्र प्रदेशाने मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून, जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कोणाही व्यक्तीस खाजगी कागदपत्रे तपासण्याची व जप्त करण्याची मुभा दिली. कॅनरा बँकेच्या प्रकरणात, २००४ मध्ये, ती तरतूद टिकली नाही. खाजगीपण जागेचे नसून व्यक्तीचे असते. ग्राहकाने कागद बँकेकडे सोपविला म्हणून त्यावरील त्याचा हक्क संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्कच ठरविला.

कॅनरा बँकेचा निकाल चिकित्सालयाविषयी नव्हता, हे खरे. तरी बँकेतील कागदास जे संरक्षण, ते रुग्णाने विश्वासाने सांगितलेल्या व्याधीवृत्तास नसावे, हे आम्हांस पटत नाही. खरेदीची बिले व साठ्याच्या नोंदवह्या जरूर दाखवाव्यात. केसपेपरांचा गठ्ठाच मागितला, तर मात्र कारण लेखी देण्याची नम्र विनंती करावी.

प्रत्यक्ष कारवाईच्या वेळी प्रथम ओळखपत्र पाहावे. झडतीस परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच असावेत, आणि जप्तीची पावती घ्यावी. जप्त नोंदवह्या, नकला काढून, २० दिवसांत परत मिळाव्यात असे कायदाच सांगतो. नमुन्याची किंमत संकोचाने नाकारण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडावी. नमुन्याचा आपल्याला मिळालेला सीलबंद भाग, त्यावर स्वतःची मोहोर लावून, न फोडता जपून ठेवावा.