लिस्बनचा तह आणि गोव्याची मिठागरे

26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बन येथे पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हु आणि इंग्लंडचे वकील रॉबर्ट मोरियर यांनी ज्या तहनाम्यावर सह्या केल्या, त्यायोगे सुमारे साडेचार लाख वस्तीचा गोवा आणि संस्थाने धरून सुमारे 25 कोटी प्रजेचा ब्रिटिश हिंदुस्थान हे दोन मुलूख जकातीपुरते एक झाले. 15 जानेवारी 1880 पासून बारा वर्षांच्या मुदतीने अंमलात आलेल्या या तहाने मीठ, मद्य, अफू, शस्त्रे असे मोजके जिन्नस वगळता बाकीचा माल उभय हद्दींतून विनाजकात जाऊ-येऊ लागला. मुरगावास बंदर आणि तेथून सह्याद्रीपार लोहमार्ग बांधण्याचे ठरले. आणि गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर व विक्रीवर ब्रिटिश सरकारचा ताबा मान्य होऊन त्याचा मोबदला म्हणून पोर्तुगीज खजिन्यास सालिना 4 लाख रुपये मिळावयाचे झाले. खुला व्यापार, लोहमार्ग आणि मीठ या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोहोंची त्या काळी वाखाणणी झाली. परंतु या तहाचे मर्म तिसरीत आहे असे माझे मत आहे.

कलकत्त्याच्या सरकारला गोव्याच्या मिठाची एवढी चिंता का वाटावी, हे समजण्यासाठी त्या वर्षांतील मिठाच्या महसुलाकडे पाहिले पाहिजे. उत्तर हिंदुस्थानात मीठ चोरून जाऊ नये म्हणून सरकारने अडीच हजार मैलांच्या घरात जाणारी, काटेरी कुंपणाची आणि चौक्यापहाऱ्यांची जी नाकेबंदी उभारली होती, ती 1879 मध्ये उठवण्यात आली. पण ती उठवावयाची तर सर्वत्र कराचा दर जवळजवळ सारखा हवा आणि मीठ जेथे निपजते ते प्रत्येक ठिकाण सरकारच्या मुठीत हवे. म्हणून राजपुतान्यातील सांभर सरोवर आधीच पट्ट्याने घेतले गेले होते आणि इतर संस्थानिकांशीही नुकसानभरपाईचे करार होत होते. फ्रेंचांशी तर 1815 सालीच असा तह झाला होता, आणि त्यातही सालिना रक्कम 4 लाख सिक्का रुपयांचीच होती. मुंबई इलाख्यात मिठावरील कर याच सुमारास मणास अडीच रुपयांवर नेण्यात आला. एवढ्या चढ्या कराच्या शेजारी, मांडवी-झुवारीच्या खाड्यांत स्वस्त मीठ पिकवणारा आणि ते घाटवाटांनी बेळगाव-धारवाडकडे पाठवणारा एक परका मुलूख मोकळा ठेवणे ब्रिटिशांच्या मीठखात्यास परवडणारे नव्हते.

गोव्याच्या बाजूने पाहता हे मीठ केवळ महसुलाची बाब नव्हते. रायबंदर, मेरशी, नेरूल, हडफडे, पेडण्यातील आगरवाडे अशा गावांत भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातील दारातून, आत घ्यावयाचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत मुरवीत आटवायचे आणि पाऊस येण्यापूर्वी मीठ ओढून रास करावयाची, या कसबावर मीठगावड्यांसारख्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या जगत आल्या होत्या. ते मीठ घेऊन लमाणांचे बैलतांडे घाट चढत आणि परतताना धान्य आणीत, म्हणजे ज्या तांदळाची गोव्यास नेहमी तूट असे, त्याच्या किमतीचा काही भाग मिठानेच फिटत असे. तहानंतर या आगरांवर ब्रिटिश मीठखात्याचे अंमलदार आले. किती पिकवावे, कोठे साठवावे आणि कोणत्या परवान्याने बाहेर न्यावे, हे आता ते ठरवू लागले. उत्पादनाला मर्यादा पडली, अनेक आगरे ओसाड झाली, आणि सामान्य गोवेकराला आपल्याच खाडीतले मीठ महाग पडू लागले. अबकारीची पद्धतही शेजारच्या इलाख्याशी जुळवून घेतल्याने माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांवर तोच प्रसंग ओढवला. जो माल लहान मुलखाला मोठ्यापुढे काही वजन देत होता, नेमका तोच त्याने उक्त्या रकमेवर सोडून दिला होता.

जकातीची गोष्ट याहून कमी दृश्य, पण तितकीच बोलकी आहे. सामायिक जकात म्हणजे व्यवहारात ब्रिटिश हिंदुस्थानची जकात. आणि 1882 मध्ये त्या सरकारने, मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा अनेक वर्षांचा तगादा पाठीशी असताना, मीठ, मद्य आदी अपवाद सोडून आयातीवरील जवळजवळ सर्व जकात रद्द केली. पणजीच्या तिजोरीवर परिणाम करणारा हा निर्णय पणजीत झाला नाही, लिस्बनमध्येही झाला नाही. मोठ्या अर्थव्यवस्थेशी जकातीचे ऐक्य करणाऱ्या लहान मुलखाने बाजारपेठ मिळते की नाही याआधी दर बदलण्याचा अधिकार कोणाकडे राहतो हे विचारले पाहिजे, आणि कोर्व्हुंसारख्या सुधारणावादी, विद्वान मुत्सद्द्याकडून तो प्रश्न पुरेशा आग्रहाने विचारला गेला नाही, ही मला या प्रकरणातील सर्वांत खेदाची बाब वाटते.

लोहमार्गाला मात्र न्याय दिला पाहिजे. लंडनमध्ये उभारलेल्या कंपनीने ब्रागांझा घाट चढवून, दूधसागराच्या धबधब्यासमोरून रूळ नेले आणि 1888 मध्ये मुरगाव बंदर कॅसलरॉकपाशी दक्षिण मराठा रेल्वेला जोडले गेले. ही कामगिरी असामान्य होती. पण कंपनीच्या भांडवलावर व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची होती, आणि मिठाच्या मोबदल्याचे 4 लाख या हमीसाठीच गुंतले. आगरात राबणाऱ्याच्या हातून गेलेले उत्पन्न अशा रीतीने लंडनच्या भागधारकाच्या व्याजात जमा होत राहिले. उद्ध्वस्त झालेल्यांपैकी पुष्कळांनी मुंबईची वाट धरली. धोबीतलाव-माझगावच्या आसपास गोवेकरांचे जे गावोगावचे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडे, होते, त्यांतील वस्ती या ओघाने वाढत गेली, आणि गोव्याची अर्थव्यवस्था मुंबईहून व आगबोटींवरून येणाऱ्या मनिऑर्डरींवर अधिकाधिक विसंबू लागली.

14 जानेवारी 1892 रोजी तहाची मुदत संपली आणि तो पुन्हा झाला नाही. दोन वर्षांपूर्वी आफ्रिकेतील मुलखांवरून इंग्लंडने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिलेला होता आणि त्याच 1892 साली पोर्तुगाल स्वतःची कर्जे फेडण्यास असमर्थ ठरला. जकात परत आली, कुळे आणि कॅसलरॉक येथे मालाची तपासणी सुरू झाली, सालिना 4 लाख बंद झाले. व्याजाची हमी मात्र तहाबरोबर संपली नाही. ती रक्कम आता भरावयाची होती ती मोबदल्याविना, आणि ज्या बंदरासाठी ती हमी दिली होती त्याचा सारा पृष्ठप्रदेश हद्दीपलीकडे, दुसऱ्याच्या दराखाली होता.